गोव्याला गेलो आणि जेल बघून आलो

दिवस पहिला, गुरुवार

2024 ला 26 जानेवारी शुक्रवारी आली होती, म्हणजे तीन दिवस आयतेच, सोमवारची एक रजा टाकली की झाली गोव्याची ट्रिप, असा माझा साधा हिशोब होता. मी, बायको आणि आठवीतले चिरंजीव. पण तिकिटं काढायला बसलो आणि बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, माझं पण काढ. बाबांचं वय 81, दोन्ही गुडघे गेलेले, गेल्या दहा वर्षांत डोंबिवलीच्या पुढे गेलेले नाहीत आणि तेही लग्नालाच. म्हटलं बाबा, तुम्हाला वाळूत चालता येणार नाही, गोव्यात तुम्ही करणार काय? तर म्हणाले वाळूत कोणाला चालायचंय, मला आग्वाद किल्ल्यातला तुरुंग बघायचाय, तिथं आता म्युझियम झालंय.

बायको हळूच मला म्हणाली, गच्चीतून रोज जेल दिसतं तेवढं पुरत नाही का यांना!

तिचंही खरंच. आम्ही राहतो कोर्ट नाक्याच्या जवळ. गच्चीत गेलं की समोर ठाण्याच्या सेंट्रल जेलची भिंत, तिच्यापलीकडे कळव्याची खाडी. मी लहानपणापासून सेंट्रल मैदानात क्रिकेट खेळलो, बॉल जेलच्या बाजूला गेला की गेला. ती भिंत आम्हाला भिंत वाटतच नाही, डोंगर असतो तशी ती तिथं आहे.

गुरुवारी दुपारी बाबांची औषधं घ्यायला त्यांना घेऊन निघालो तर रिक्षा मिळेना, मग भिंतीच्या कडेकडेने चालत, म्हणजे दर पन्नास पावलांवर थांबत. बाबांना तेवढंच निमित्त. हा मुळात किल्ला, 1730 च्या सुमाराला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, पुरता बांधून होतोय तोवर 1737 ला चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला, 1774 ला इंग्रजांनी, आणि इंग्रजांनीच पुढे त्याचं जेल केलं. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथूनच पळाले 1816 ला, पहाऱ्यावर गोरे शिपाई, त्यांना मराठी कळत नाही, आणि घोडा खरारा करता करता मोतद्दार गाणं म्हणतोय, गाण्यातच निरोप की घोडा कुठं तयार आहे. ही गोष्ट मी बाबांकडून शंभर वेळा तरी ऐकली असेल पण दरवेळी मजा येते. त्यानंतरच्या गोष्टी मजेच्या नाहीत. राघोजी भांगरे यांना 2 मे 1848 ला इथं फाशी. नाशिकच्या जॅक्सन खटल्यातले अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे, तिघांनाही 19 एप्रिल 1910 ला इथंच. कान्हेरे जेमतेम अठरा वर्षांचा पोरगा.

फुटपाथवर आतल्या कैद्यांच्या मुलाखतीला आलेल्या बायका पिशव्या घेऊन बसल्या होत्या, नेहमी असतातच. आम्ही त्यांच्यामधून वाट काढत मेडिकलला गेलो.

आता बाबांना आग्वाद का बघायचा होता ते सांगतो नाहीतर पुढचं काही कळणार नाही. बाबांचे मोठे भाऊ, आमचे अण्णाकाका, 1955 च्या ऑगस्टमध्ये घरी न सांगता गोवा सत्याग्रहाला गेले, गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात. तेव्हा वय एकवीस. बांद्याच्या बाजूने आत शिरले, पकडले गेले, कुठल्याशा खोलीत तीन दिवस कोंडून मार खाल्ला आणि मग सीमेवर आणून ढकलून दिलं. आठवड्याने ठाण्याला परत आले ते पाठ काळीनिळी घेऊन. बाबा तेव्हा बारा वर्षांचे. अण्णाकाका पुढे रेल्वेत नोकरीला लागले, रिटायर झाले, वारले, पण त्या तीन दिवसांबद्दल कधी बोलले नाहीत. पेन्शन, ताम्रपट, कशासाठीही अर्ज केला नाही. विचारलं की म्हणायचे, तीन दिवसांचं काय सांगायचं, लोकांनी वर्षं काढली.

रात्री ठाण्याहून कोकणकन्या. बाबांना लोअर बर्थ मिळाला होता त्यावर एक काकू आधीच झोपल्या होत्या, त्यांना उठवण्यात पनवेल आलं.

दिवस दुसरा, शुक्रवार

थिवीला उतरलो. टॅक्सीचा भाव ऐकून बायकोने मला जो लुक दिला तो मी अजून विसरलो नाही, पण चारजण आणि सामान म्हटल्यावर करणार काय. हॉटेल कांदोळीच्या बाजूला, रूम मिळायला दुपार होणार होती म्हणून मध्ये म्हापशाला थांबलो. शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार. चोरीसच्या माळा, मोयरेची केळी, खाजं, सुकी मासळी, मडकी. बायको केळ्यांच्या मागे गेली ती अर्ध्या तासाने सापडली.

आम्ही एका टपरीवर चहा-पाव घेऊन बसलो आणि बाबांनी डॉ. पुंडलिक गायतोंडे यांची गोष्ट काढली. ते इथले सर्जन. 1954 च्या फेब्रुवारीत मेजवानीला गेले होते, तिथं कोणीतरी भाषणात गोवा म्हणजे पोर्तुगालच अशा थाटाचं काहीतरी बोललं आणि डॉक्टर पोर्तुगीजमध्ये म्हणाले, मी निषेध करतो. बस एवढंच. दगड नाही, बॉम्ब नाही, जेवणाच्या टेबलावर एक वाक्य, त्याला अटक आणि थेट पोर्तुगालला रवानगी. आणि बायको त्यांची पोर्तुगीज! चिरंजीव म्हणाले, म्हणजे आजोबा, लग्नात जेवताना कोणी काही बोललं तर गप्पच बसायचं. बाबा म्हणाले, तू बसतोस का कधी?

संध्याकाळी बीच. बीचबद्दल काय लिहायचं, तुम्ही सगळे जाऊन आलाय. गर्दी होती.

दिवस तिसरा, शनिवार

सकाळी लवकर आग्वाद. आधी वरचा किल्ला केला कारण उन्हं चढली की बाबांना झेपलं नसतं. किल्ला 1612 चा, डचांना अडवायला बांधलेला. मांडवी नदीच्या तोंडावर अगदी टोकाला. मधोमध ती प्रचंड पाण्याची टाकी, 23 लाख गॅलनच्या वर पाणी मावायचं, येणारी जहाजं इथं गोडं पाणी भरून घ्यायची म्हणून नाव आग्वाद, पोर्तुगीजमध्ये आग्वा म्हणजे पाणी. जुना दीपगृह 1864 चा. चिरंजीवांनी टाकीवर उभं राहून सतरा फोटो काढले.

इथं बाबांनी त्याला एक खेळ लावून दिला, आपण बोलतो त्यातले पोर्तुगीजांचे शब्द ओळख. पाव आलाच, बटाटा, काजू, अननस, कोबी, पगार, घमेलं, फीत. हापूससुद्धा त्यांच्याच आफोन्सोवरून. मग बाबा म्हणाले, तुरुंग. मी म्हटलं काहीतरीच काय, तुरुंग अस्सल मराठी वाटतो. तर नाही, पोर्तुगीज त्रोंको, म्हणजे झाडाचा बुंधा, कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी खोडा, त्यावरून कैदखाना आणि तिथून आपला तुरुंग. चिरंजीव जरा थांबून म्हणाला, आणि चावी? बाबा म्हणाले चावी पण त्यांचीच. तेव्हापासून तो येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होता की तुरुंग पण पोर्तुगीज आणि चावी पण पोर्तुगीज.

जेल खाली आहे, समुद्राला लागून, किल्ल्याचाच खालचा भाग. 2015 पर्यंत हे खरंखुरं चालू जेल होतं, मग कैदी कोलवाळच्या नव्या जेलला हलवले आणि दुरुस्ती करून 19 डिसेंबर 2021 ला, म्हणजे गोवा मुक्तीला साठ वर्षं झाली त्या दिवशी, म्युझियम म्हणून उद्घाटन झालं. तिकीट काढून आत जायचं. बाबा काठी टेकत तिकीट खिडकीशी गेले आणि म्हणाले, चार द्या, एक सिनियर. मला हसूच आलं, जेलमध्ये जायला सिनियर सिटिझन सवलत मागणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. 

आत गेल्यावर माझं पहिलं मत सांगतो, जागा फार सुंदर आहे. म्हणजे इतकी सुंदर की विचित्र वाटतं. रंगवलेल्या भिंती, समोर निळा समुद्र, वारा, पलीकडे पणजीची बाजू. लोक आरामात फिरतायत, नवीन लग्न झालेलं एक जोडपं गजांना धरून पोझ देतंय. त्यांना नावं ठेवायला मी कोण, माझ्या मुलाने पण तेच केलं. पण डोक्यात येत राहतं की हा समुद्र आत बसलेल्याला दिसत असेल की नुसता ऐकू येत असेल. बाबा म्हणाले नुसता ऐकू येणं जास्त वाईट.

राम मनोहर लोहियांची कोठडी दाखवली आहे. 18 जून 1946 ला त्यांनी मडगावला सभा घेतली तो दिवस गोव्यात क्रांतीदिन म्हणून पाळतात. तेव्हा पकडून सोडून दिलं, पण सप्टेंबरच्या शेवटी ते पुन्हा गोव्यात आले तर कुळे स्टेशनवरच धरलं आणि इथं एकटं कोंडलं, आठ-दहा दिवस, मग हद्दपार. दुसरी कोठडी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांची. हा माणूस आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. पॅरिसला शिकलेले, गोव्यातली काँग्रेस कमिटी यांनी सुरू केली, लोहियांच्या सभेनंतर त्यांना धरलं, लष्करी कोर्टापुढे उभं केलं आणि आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात पाठवलं. तोही समुद्रकाठचा किल्ला, तोही तुरुंग, आणि तिथं पण आता म्युझियमच आहे. सुटल्यावर लिस्बनमधून निसटून पॅरिसमार्गे मुंबईला आले, 1958 ला मुंबईतच गेले. गोवा मुक्त झालेला त्यांना बघायला मिळाला नाही.

बाबांचं लक्ष मात्र आपल्याकडच्या लोकांवर. 1955 चे सत्याग्रही इथं होते, नानासाहेब गोरे, शिरूभाऊ लिमये, मधू लिमये, जगन्नाथराव जोशी. समाजवादी आणि जनसंघवाले एकाच जेलात. शिक्षा दहा-दहा बारा-बारा वर्षांच्या ठोठावल्या होत्या पण 1957 च्या सुरुवातीला सोडलं. बाबा म्हणाले ही नावं आमच्या घरात रोज घेतली जायची, अण्णा पेपर मोठ्याने वाचायचा.

आणि मोहन रानडे. सांगलीचे, मूळ आडनाव आपटे, गोव्यात मराठी शिकवायला मास्तर म्हणून आले आणि हत्यारं घेऊन लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात गेले. ऑक्टोबर 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवर हल्ला केला त्यात गोळी लागून पकडले गेले. 26 वर्षांची शिक्षा. इथं आग्वादला होते, मग पोर्तुगालला नेलं, लिस्बनजवळच्या काशियसच्या तुरुंगात एकांतवास. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, सगळीकडे मिरवणुका, आणि हे तिकडे आतच! सुटले कधी तर जानेवारी 1969. सात वर्षांनी. त्यांच्या सुटकेसाठी आपल्या सुधीर फडक्यांनी समिती काढून किती खटपट केली, शेवटी मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपना शब्द टाकला तेव्हा हललं. बाबूजींची गाणी आपण दिवाळी पहाटेला ऐकतो, पण हे काम कोण सांगतं.

आता जे झालं ते लिहितो. एका कोठडीत बाबा आत जाऊन उभे होते, भिंतीला हात लावून बघत होते. चिरंजीवांना वाटलं मस्त फोटो येईल, म्हणून त्याने बाहेरून दार ओढलं. बंद पण झालं नाही नीट, अर्धवट. पण लोखंडाचा आवाज झाला. बाबा पटकन म्हणाले, उघड. आवाज एकदम वेगळा. मुलगा घाबरला, मी दार उघडलं, ते बाहेर आले आणि बाकावर बसले. पाणी प्यायले.

मग म्हणाले, अण्णा दार लावू द्यायचा नाही, तुला आठवतं?

मला आठवत होतं. अण्णाकाकांच्या खोलीचं दार कायम उघडं, रात्रीसुद्धा. चाळीत असताना आजी ओरडायची की मांजर येऊन दूध सांडतं, तरी उघडं. मोरीत गेले तरी कडी नाही, नुसतं आतून गाणं म्हणत राहायचे म्हणजे बाहेरच्याला कळावं. आम्ही पोरं ते गाणं सुरू झालं की हसायचो, अण्णाकाका आंघोळीला गेले रे. काकू पुढे पुढे वैतागून पडदा लावायला लागली. आम्हाला सगळ्यांना तो त्यांचा विक्षिप्तपणा वाटायचा. खरं सांगायचं तर मला त्या दुपारपर्यंत तसंच वाटत होतं.

मी विचारलं, त्यांना इथंच ठेवलं होतं का? बाबा म्हणाले छे रे, अण्णा इथं कुठला, इथं मोठी माणसं. त्याला कुठंतरी पेडण्याकडच्या चौकीत ठेवलं असणार, ती चौकी आता असेल-नसेल. मग एवढे गुडघे घेऊन इथं कशाला आलात? तर म्हणाले, हे तरी ठेवलंय ना बघायला.

बायकोने मध्ये पडून सगळ्यांना नारळपाणी पाजलं. संध्याकाळी बाबा लवकर झोपले, आम्ही तिघं जेवायला बाहेर गेलो, फिश थाळी ठीकठाक.

दिवस चौथा, रविवार

आज गाडी पूर्ण दिवसासाठी केली. ड्रायव्हर पेडण्याचाच निघाला, त्याला बाबांनी जुन्या पोलीस चौकीबद्दल विचारून बेजार केलं पण त्याचा जन्म 1990 चा, तो बिचारा काय सांगणार. आपल्या आजोबांना फोन लावतो म्हणाला, लावला पण, आजोबा देवळात गेले होते.

केरीहून फेरीबोटीने तेरेखोल. ही फेरी मला म्युझियमइतकीच आवडली, गाडीसकट नदी ओलांडायची, पाच मिनिटांची मजा. तेरेखोलचा किल्ला मूळ सावंतवाडीकर भोसल्यांचा, 1746 ला पोर्तुगीजांनी घेतला, नदीच्या पलीकडे महाराष्ट्राला चिकटलेला पण गोव्याचा तुकडा. आता आत हॉटेल आहे आणि मधोमध पांढरं चर्च. 15 ऑगस्ट 1954 ला आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने इथं घुसून तिरंगा लावला होता. आणि बरोबर एक वर्षाने, 1955 च्या 15 ऑगस्टला, पनवेलचे हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर इथं पोर्तुगीजांच्या गोळीला बळी पडले. बायकोचं माहेर नवीन पनवेलचं, ती म्हणाली हिरवे गुरुजींचं नाव मी शाळेपासून ऐकत आले पण ते इथं गेले हे कधी डोक्यातच शिरलं नाही. तिथं बराच वेळ उभी होती. नंतर आईला व्हिडिओ कॉल लावून सगळं दाखवलं, आईने विचारलं जेवलात का.

तिथून पत्रादेवी. हायवेला लागून, बांद्याच्या जरा अलीकडे, गोव्यात शिरणाऱ्या गाड्या इथून भुर्रकन जातात, आम्ही स्वतः दोनदा बायरोड गेलोय आणि दोन्ही वेळा न थांबता. हुतात्मा स्मारक आहे. 15 ऑगस्ट 1955 ला सगळ्या बाजूंनी हजारो सत्याग्रही शिरले, हातात काही नाही, आणि गोळीबारात त्या एका दिवसात वीसच्या वर माणसं मेली. मध्य प्रदेशच्या सहोदराबाई राय झेंडा घेऊन पुढे होत्या, त्यांना गोळी लागली तर पंजाबचा कर्नेलसिंग पुढे आला आणि छातीवर गोळी घेतली. कुठं पंजाब आणि कुठं पत्रादेवी.

बाबा गाडीतून उतरलेच नाहीत. खिडकीची काच खाली करून बघत होते. म्हणाले, ह्याच रस्त्याने आला असेल. मी काय बोलणार. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, तेवढं बरं केलं त्याने. दहा-पंधरा मिनिटांनी बाबाच म्हणाले चला, भूक लागली.

बांद्यात जेवलो. सोलकढी दोनदा घेतली बाबांनी.

दिवस पाचवा, सोमवार

परतीला मांडवी एक्सप्रेस. मांडवीचं खाणं हा वेगळा विषय आहे, कटलेट, वडे, ऑम्लेट, जे येईल ते आम्ही घेत होतो. बाबा दिवसभर खिडकीत. चिपळूणच्या आसपास चिरंजीव त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, आजोबा सॉरी, मी दार ओढलं. बाबा म्हणाले तू नसतं ओढलंस तर मला आवाज कळला नसता. मग दोघांनी पत्ते काढले.

ठाण्याला पोचायला रात्र झाली, गाडी तासभर लेट. घरी आल्यावर बाबांनी त्यांच्या खोलीचं दार लावलं की उघडं ठेवलं हे मी मुद्दाम बघितलं. लावलं. नेहमीसारखं, कडी घालून. फॅनचा आवाज लागतो म्हणतात.

मंगळवार

ट्रिप संपली तरी हे एवढं लिहायचं राहिलं. सकाळी ऑफिसला निघालो, भिंतीच्या कडेने स्टेशनला. एक आजी, सत्तरीच्या असतील, हातात प्लास्टिकची पिशवी, चुरगळलेला कागद पुढे करून मला म्हणाल्या, दादा, मुलाखतीची लाईन कुठं लागते ओ? मुरबाडहून आल्या होत्या, पहिल्या गाडीने. मी कागद हातात घेतला, वाचला, इकडं तिकडं बघितलं. चव्वेचाळीस वर्षं या भिंतीला लागून राहतोय, आणि मला गेट कुठल्या बाजूला, लाईन कुठं, काही म्हणजे काही माहीत नव्हतं. म्हटलं थांबा आजी, विचारून येतो, आणि पहाऱ्यावरच्या पोलिसाकडे गेलो. त्याने हात करून दाखवलं, तिकडून वळून, आधार कार्ड लागेल म्हणाला. आजींकडे होतं, पदराला बांधलेलं.

8:52 ची फास्ट चुकली.